फिनिक्सहून मोटरहोमने दहा रात्री: ग्रँड कॅन्यन, नवाहो प्रदेश आणि मेसा व्हर्दी

प्रश्न थोडक्यात असा. चँडलरला राहणारे नवराबायको, नऊ वर्षांची मुलगी आणि नाशिकहून येणारे आईवडील. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मोटरहोम पहिल्यांदाच भाड्याने घेणार. यादीत झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, मेसा व्हर्दी, चाको, पेट्रिफाइड फॉरेस्ट, रूट ६६ आणि जमलं तर डेथ व्हॅली. गाडी २५ फुटी घ्यावी की ३० फुटी, आणि दहा दिवसांत हे सगळं होईल का?

होणार नाही. मोटरहोममध्ये दिवसाला २०० मैल ही वरची मर्यादा धरा. कारने चार तासांत कापलं जाणारं अंतर इथे थांबे धरून सहा तास खातं. पण यादीला खरी कात्री लावतात ती गाडीची मापं आणि भाडेकरारातली बारीक अक्षरं. स्थळं त्यांच्यानंतर निवडायची.

झायनचंच घ्या. उद्यानातून ब्राइसकडे जाणारा झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० साली खुला झाला. लांबी १.१ मैल, छत कमानीचं, रुंदी त्या काळच्या मोटारींच्या बेताची. मोठी गाडी मधोमध चालवावी लागते, म्हणून पूर्वी १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवत असत. २०२६ च्या मध्यापासून ती सोय संपली आणि ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांना त्या रस्त्यावर मनाई झाली. भाड्याचं नेहमीचं क्लास सी मोटरहोम, म्हणजे ट्रकच्या केबिनवर पलंगाची माडी असलेलं, साधारण १२ फूट उंच आणि आठ फुटांहून रुंद असतं. मग हरिकेन, फ्रेडोनिया, कनॅब असा वळसा उरतो. शिवाय शटल चालू असेपर्यंत झायनच्या मुख्य खोऱ्यात खाजगी गाडीला प्रवेश नाही. इतका खटाटोप करून मोटरहोम वाहनतळावरच उभं राहणार असेल, तर झायन आणि ब्राइस नंतर कधीतरी कारने करा.

न्यू मेक्सिकोतल्या चाकोच्या प्राचीन अवशेषांकडे जाणाऱ्या वाटेवर शेवटचे सुमारे १३ मैल कच्चे आहेत, त्यातला बराच भाग पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत. बहुतेक भाडेकरारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो. तिथे काही मोडलं तर विमा लागू होत नाही आणि टोईंगचं बिल तुमच्या नावावर. डेथ व्हॅली उलट दिशेला आहे, तिचा विचार सोडा.

उरतो तो कोलोरॅडो पठाराचा गोल: कॅम्प व्हर्दी, ग्रँड कॅन्यन, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, मेसा व्हर्दी, कॅन्यन डी शे, पेट्रिफाइड फॉरेस्ट आणि परत. सुमारे १,२०० मैल, सगळा डांबरी रस्ता. इथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे प्राचीन प्युब्लो लोकांपासून आजच्या होपी आणि नवाहो लोकांपर्यंतचा इतिहास यात सलग बघायला मिळतो. कापलेल्या यादीतून मिळणारा हा फायदा मोठाच आहे.

गाडी २५ फुटी घ्या. पाच जणांना ती पुरते: मागचा पलंग आईवडिलांना, केबिनवरची माडी तुम्हा दोघांना, जेवणाच्या टेबलाचा पलंग मुलीला. शिडी चढून माडीवर झोपणं आणि रात्री दोनदा उतरणं ज्येष्ठांच्या गुडघ्यांना झेपत नाही, तेव्हा ही वाटणी बदलू नका. मेसा व्हर्दीच्या वेदरिल मेसा रस्त्यावर २५ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडची मर्यादा ३० फूट आहे. जाहिरातीतली ‘२५ फुटी’ गाडी बंपर आणि मागची शिडी धरून जास्त भरू शकते, म्हणून ताब्यात घेतल्यावर टेपने मोजा. उंचीही मोजा आणि आकडा फूट-इंचांत कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत, ड्राइव्ह-थ्रू आणि झाडाची आडवी फांदी ही छत फाटण्याची नेहमीची कारणं आहेत, आणि छताचं नुकसान बऱ्याच भाडे-विम्यांतून वगळलेलं असतं.

आरक्षणाचा क्रमही ठरलेला आहे. आधी ग्रँड कॅन्यनमधलं ट्रेलर व्हिलेज हे कॅम्पग्राउंड मिळवा, कारण दक्षिण कड्यावर उद्यानाच्या आत वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी फक्त तिथेच आहे. मग मेसा व्हर्दीतलं मोअरफील्ड, तिथल्या पूर्ण जोडणीच्या जागा मोजक्याच आहेत. बाकी तारखा या दोन्हींभोवती बसवा. मेसा व्हर्दीच्या कड्यांमधल्या घरांची मार्गदर्शकासह भेट १४ दिवस आधी आरक्षणाला खुली होते, त्या दिवशी सकाळी गजर लावून बसा.

आईवडिलांच्या प्रवेशशुल्काचा हिशोब वेगळा धरा. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेर राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या पर्यटकांना वार्षिक पास नसेल, तर ११ राष्ट्रीय उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा पडतात. ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस त्या यादीत आहेत. मेसा व्हर्दी आणि पेट्रिफाइड फॉरेस्ट नाहीत. वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलरला आणि परदेशी पाहुण्यांना २५० डॉलरला मिळतो. प्रवेशद्वारावर फोटो ओळखपत्र मागतात, तेव्हा पासपोर्ट हाताशी असू द्या. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो लोकांच्या स्वशासित प्रदेशाच्या, हद्दीत आहेत, हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणाचा वाहनतळ पेज शहराचा आहे. या तिन्ही ठिकाणी राष्ट्रीय पास चालत नाही.

दिवस मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे भाडे कंपनीच्या वेळा विसरणं. गाडी बहुधा दुपारी मिळते आणि परत सकाळी द्यायची असते. म्हणून दहा दिवस म्हणजे दहा रात्री असं धरूनच करार करा.

ताबा घेताना घाई करू नका, तास-दीड तास हातात ठेवा. एसी, फ्रिज, शेगडी, फर्नेस (गाडीतला हीटर), गीझर आणि पाण्याचा पंप प्रत्येकी सुरू करून बघा, फक्त बटण दाखवलेलं पुरेसं नाही. जनरेटर चालू करून त्यावर एसी चालतो का तेही पाहा. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ॲरिझोनाच्या उन्हात रबर आतून सुकतं. खाचा खोल दिसल्या तरी कडेला बारीक भेगा असतील तर टायर बदलून मागा. मागे जोडीची चाकं असतात, त्यातल्या आतल्या चाकाची हवा कुणी बघत नाही आणि फुटतं तेच. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. दुपारी तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, तो ‘जास्त आहे’ म्हणून सोडू नका. तसं केलं तर गार झाल्यावर हवा कमी पडते, कडा वाकत राहतात आणि पुढच्या गरम रस्त्यावर टायर फुटतो. फुटलाच तर ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि वेग आपोआप उतरू द्या.

पहिला मुक्काम कॅम्प व्हर्दीला करा, फिनिक्सपासून जेमतेम ९० मैलांवर. गाडी दुपारी मिळते म्हणून तर हे अंतर बरं आहेच, पण काही बिघडलं तर पहिल्याच रात्री कळतं आणि बदली गाडी आवाक्यात असते. पूर्ण जोडणीचं खाजगी पार्क घ्या आणि संध्याकाळ सरावाला द्या. गाडी आधी समतल करा, गरज असेल तर चाकांखाली ठोकळे देऊन. प्रोपेनवर चालणारा फ्रिज तिरका उभा राहिला तर त्यातला द्रव फिरत नाही. तो थंड करणं सोडतो आणि फार वेळ तसाच चालला तर कायमचा जातो.

वीज जोडताना खांबावरचा ब्रेकर बंद करून मगच प्लग लावा. सॉकेट काळवंडलेलं किंवा सैल दिसलं तर जागा बदलून मागा, कारण सैल जोडणी तापते आणि प्लग वितळतो. ३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट, एवढ्यावर सगळं घर चालवायचं आहे. एसी १३ ते १५ अँपिअर ओढतो, मायक्रोवेव्ह सुमारे १३, विजेवर टाकलेला गीझर सुमारे १२, पूर्ण ताकदीची इंडक्शन १५. यातली दोन यंत्रं एका वेळी चालतील, तिसरं लावलं की ब्रेकर पडतो. चहासाठी गॅस आहेच, गीझरही प्रोपेनवर ठेवा. गरम दुपारी पार्क भरलेलं असताना व्होल्टेज १०५ च्या खाली उतरलं तर एसी बंद करा, कॉम्प्रेसर जळतो तो अशाच वेळी. संरक्षक यंत्र मध्ये लावलंत तर हे काम ते स्वतः करतं.

पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप आणि दाब कमी करणारा पितळी रेग्युलेटर लागतो, ४० ते ५० पीएसआयचा. काही पार्कांत दाब इतका असतो की गाडीतले प्लास्टिकचे सांधे सुटतात. गीझरची टाकी सहसा ६ गॅलनची, म्हणजे २३ लिटर. पाच जणांच्या लागोपाठ आंघोळी होत नाहीत; अंग भिजवा, पाणी बंद करा, साबण लावा, मग पाणी. टाकी भरलेली नसताना गीझर विजेवर सुरू केला तर आतली कॉइल जळते, म्हणून आधी गरम पाण्याचा नळ सोडून धार येते का बघा.

आता स्वयंपाक. कुकर नक्की न्या. दक्षिण कडा सुमारे ७,००० फुटांवर आहे, तिथे पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. उघड्या भांड्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा कडक राहील आणि प्रोपेन मात्र संपेल. कुकरमध्येही नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त धरा. फोडणी देण्याआधी छताचा पंखा लावा आणि विरुद्ध बाजूची खिडकी उघडा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा गजर सुरू होईल. गजरावर पिशवी बांधण्याचा मोह टाळा. त्या छोट्या डब्यात तुम्ही पाच जण झोपणार आहात. तेलकट कढई आणि भाताची पातेली कागदाने पुसून मगच धुवा. तेल आणि शितं ग्रे टँकमध्ये, म्हणजे बेसिन-मोरीच्या सांडपाण्याच्या टाकीत, साचली की वास येतो आणि टाकी रिकामी असतानाही मापक ‘भरली’ दाखवत राहतो.

कॅम्प व्हर्दीचा मोंटेझुमा कॅसल दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. नाव साफ चुकीचं आहे; ॲझटेक राजाचा इथे काही संबंध नाही. सिनाग्वा लोकांनी चुनखडीच्या कड्यात बांधलेली ही पाच मजली, सुमारे २० खोल्यांची वास्तू आहे, १९०६ पासून राष्ट्रीय स्मारक. आत जाता येत नाही, खालून बघायची. वाट सपाट आणि छोटी असल्याने आईवडिलांना सोयीची. पुढे आय-१७ महामार्गाने फ्लॅगस्टाफपर्यंत जवळपास चार हजार फूट चढाई आहे. इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर समोरचा एसी बंद करा, वेग ४५ वर आणा आणि उजव्या लेनमध्ये राहा.

फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला यूएस ८९ वरून सनसेट क्रेटर आणि वुपाटकी यांना जोडणारा ३५ मैलांचा डांबरी वळसा आहे, तो चुकवू नका. सुमारे १०८५ च्या सुमारास ज्वालामुखी फुटला आणि आसपासच्या वस्त्यांवर राख पसरली. पुढच्या शतकात वुपाटकीला लाल वाळूच्या दगडाचं, शंभरेक खोल्यांचं मोठं घर उभं राहिलं, शेजारी चेंडूच्या खेळाचं लंबगोल मैदान. तिथेच जमिनीतल्या एका भोकातून हवा कधी बाहेर फुंकली जाते, कधी आत ओढली जाते. खालच्या भेगांमधली आणि वरची हवा यांच्या दाबातला फरक बदलला की दिशा बदलते. मुलीला हे ग्रँड कॅन्यनपेक्षा जास्त आवडलं तर नवल नाही.

कॅमेरॉनहून डावीकडे वळलात की तुम्ही पूर्वेकडून, डेझर्ट व्ह्यूने उद्यानात शिरता. विल्यम्सच्या बाजूची प्रवेशद्वारावरची रांग वाचते आणि पहिलं दर्शन चांगल्या जागेवरून होतं. तिथला दगडी मनोरा वास्तुकार मेरी कोल्टर यांनी १९३२ मध्ये बांधला, आतली चित्रं होपी चित्रकार फ्रेड काबोटी यांची. संध्याकाळचं ऊन असताना पोहोचण्याचा बेत करा, मग २५ मैल गाववस्तीपर्यंत अंधार पडण्याआधी उरका, कारण त्या रस्त्यावर एल्क, म्हणजे मोठी हरणं, आडवी येतात.

ट्रेलर व्हिलेजमध्ये दोन रात्री. मधल्या दिवशी मोटरहोम जागचं हलवू नका, मोफत शटलने फिरा. हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्यांना बंदच असतो. कड्यावरची पायवाट बऱ्याच भागात फरसबंद आहे, एका थांब्यावर उतरून पुढच्या थांब्यापर्यंत चालणं आईवडिलांना जमेल. खाली उतरण्याच्या वाटेवर अर्धा मैल जरी गेलात तरी चढून यायला दुप्पट वेळ धरा. नाशिकच्या ६०० मीटरवरून २,१०० मीटरवर आल्यावर पहिल्या दिवशी धाप लागणं, डोकं दुखणं, झोप न लागणं नेहमीचं आहे. पाणी जास्त, चाल हळू. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

ऑक्टोबरात इथे रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाऊ शकतो. संध्याकाळी गाडीची टाकी भरून घ्या, बाहेरचा पाइप काढून रिकामा करा आणि रात्रभर पंपाचं पाणी वापरा. जोडलेला पाइप गोठला की रेग्युलेटर फुटतो. ऊब फर्नेसची घ्यायची, शेगडी पेटवून ठेवायची नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. याच कारणाने झोपताना जनरेटर बंद. तो एरवीही या उंचीवर अशक्त होतो, दर हजार फुटांमागे सुमारे साडेतीन टक्के. ७,००० फुटांवर ४,००० वॉटचा जनरेटर जेमतेम ३,००० देतो, म्हणून एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावले की गुदमरतो. जनरेटरवर उंचीची खिटी असेल तर ती फिरवा. इंधनाची टाकी पाव भागाखाली गेली की जनरेटर आपोआप पेट्रोल ओढणं थांबवतो. तुम्ही रस्त्यावर अडकू नये म्हणून नळीच तेवढ्या उंचीवर ठेवलेली असते, तो बिघाड नाही.

निघण्याच्या सकाळी डंप करायचा, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या. हा भाग किळसवाणा वाटतो, पण क्रम पाळला तर दहा मिनिटांत होतो. हातमोजे घाला, जाड पाइप दोन्हीकडून घट्ट बसवा, आधी ब्लॅक टँकची, म्हणजे संडासाच्या टाकीची, खिटी ओढा, ती पूर्ण रिकामी झाली की बंद करा, मग ग्रे टँक सोडा. म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. पूर्ण जोडणी असली तरी मुक्कामभर ब्लॅक टँकची खिटी उघडी ठेवायची नाही. द्रव निघून जातो, घट्ट भाग खालीच ढीग होऊन वाळतो आणि तो काढायला माणूस बोलवावा लागतो. रिकाम्या टँकमध्ये एक-दोन गॅलन पाणी आणि रसायन घालून मगच निघा. संडासात फक्त मोटरहोमसाठीचा, विरघळणारा कागद.

निघताना कुणीतरी एकाने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची: विजेची दोरी, पाइप, पायरी, छताच्या खिडक्या, चांदणी (गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत), फ्रिजची कडी. उघडी राहिलेली छताची खिडकी महामार्गावर उडून जाते.

पेजपर्यंत १३५ मैल. ग्लेन कॅन्यन धरणाची भिंत ७१० फूट उंच आहे आणि १९६३ मध्ये इथे पाणी अडवायला सुरुवात झाली. वाहवीप कॅम्पग्राउंड जलाशयाकाठी आहे, पूर्ण जोडणीसह. अँटिलोप कॅन्यन नवाहो मार्गदर्शकाशिवाय बघता येत नाही. तिचे लोअर आणि अपर असे दोन भाग आहेत. लोअरमध्ये लोखंडी शिड्या उतराव्या लागतात, आईवडिलांसाठी अपर घ्या. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअरमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस कित्येक मैल दूर पडला होता, घळीवर नाही. म्हणून आकाश निळं असतानाही सहल रद्द केली तर वाद घालू नका.

इथे घड्याळाचा घोळ समजून घ्या. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. नवाहो राष्ट्र पाळतं. त्याच्या मधोमध असलेला होपी प्रदेश पाळत नाही. पेज आणि तिथल्या अँटिलोपच्या सहली ॲरिझोनाच्या वेळेवर. मॉन्युमेंट व्हॅली, कॅन्यन डी शे आणि हबेल ट्रेडिंग पोस्ट तासभर पुढे. पेट्रिफाइड फॉरेस्ट परत मागे. फोन जवळच्या टॉवरप्रमाणे वेळ बदलत राहतो. एका मनगटी घड्याळावर ॲरिझोनाची वेळ कायम ठेवा. नकाशेही आधीच उतरवून घ्या, या भागात बराच वेळ सिग्नल नसतो.

मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना यूएस १६० वरून डावीकडे नऊ मैलांवर नवाहो नॅशनल मॉन्युमेंट आहे, डांबरी रस्ता, प्रवेश मोफत. मैलभराच्या येण्याजाण्यात समोरच्या कड्याच्या कमानीतलं बेटाटाकिन गाव दिसतं. बहुतेक गाड्या तो फाटा चुकवून पुढे जातात, त्यांचं नुकसान.

मॉन्युमेंट व्हॅलीतला १७ मैलांचा फेरा कच्चा आहे आणि मोटरहोमला तिथे बंदी आहे. सूर्यास्ताच्या दोन-अडीच तास आधी सुटणारी उघड्या जीपची नवाहो मार्गदर्शकाची फेरी घ्या, नाकातोंडाला रुमाल लावा. वाऱ्याचा हा प्रदेश आहे. चांदणी उघडी ठेवून पाच मिनिटंही गाडी सोडू नका. एका झोताने ती छतावर उलटी फेकली जाते. चालवताना बाजूचा वारा ताशी ३०-३५ मैलांच्या वर गेला तर थांबणंच बरं. धुळीची भिंत समोर आली तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर जा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे लागलेले दिसले की मागचा चालक तोच रस्ता समजून येऊन धडकतो.

नवाहो हद्दीत दारू जवळ बाळगणंही बेकायदा आहे. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ड्रोन डिकीतच राहू द्या. रात्री चालवू नका, कारण मोकळी गुरं आणि घोडे रस्त्यावर असतात. पेट्रोल पेज, कायेंटा आणि चिनले इथे टाकी अर्धी असली तरी भरा. ही गाडी गॅलनला आठ ते दहा मैल देते, म्हणजे अख्ख्या गोलाला १२० ते १५० गॅलन.

मेसा व्हर्दीला ब्लफ आणि कॉर्टेझवरून जा, सुमारे १४० मैल. वाटेत फोनने नॅचरल ब्रिजेसची ‘जवळची वाट’ सुचवली तर ती मोकी डगवे आहे: तीन मैल कच्चा घाट, ११ टक्के उतार, कठड्याशिवाय. तिकडे वळू नका.

या सहलीचा कळस मेसा व्हर्दीच आहे, इथे दोन रात्री कमी वाटल्या तरी एकीवर भागवू नका. १९०६ मध्ये केवळ मानवी इतिहासासाठी राखलेलं हे उद्यान. क्लिफ पॅलेसमध्ये सुमारे १५० खोल्या आणि २३ किव्हा, म्हणजे विधींच्या गोल भूमिगत खोल्या आहेत. लोकांनी शतकानुशतकं पठारावर राहून बाराव्या शतकाच्या अखेरीला कड्यांच्या कपारींत घरं बांधली आणि १३०० च्या आसपास सगळे दक्षिणेला निघून गेले. १२७६ ते १२९९ असा मोठा दुष्काळ पडला होता, हे झाडांच्या वार्षिक वलयांवरून कळतं. ती पद्धत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने उभी केली. त्याला सौर डागांचं चक्र शोधायचं होतं, म्हणून तो झाडांची वलयं मोजत होता. जुन्या तुळयांच्या वलयांची मालिका आणि जिवंत झाडांच्या वलयांची मालिका यांच्यामधली तूट १९२९ मध्ये शो लो गावात सापडलेल्या एचएच-३९ या एका जळक्या ओंडक्याने भरली आणि एका फटक्यात या सगळ्या वास्तूंना खरी वर्षं मिळाली. कड्यापाशी उभं राहताना तो ओंडका आठवला तर भिंतींमधल्या तुळयांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

क्लिफ पॅलेसच्या फेरीत उंच-सखल पायऱ्या आणि आठ-दहा फुटी शिड्या आहेत. बाल्कनी हाउसमध्ये ३२ फुटी शिडी आणि गुडघ्यांवर रांगायचा बोगदा. आईवडिलांना गाडीतून मेसा टॉप लूप दाखवा. सहा मैलांवर ठिकठिकाणी थांबे आहेत आणि सन पॉइंटवरून पलीकडच्या कड्यांमधली डझनभर घरं दुर्बिणीने दिसतात. गटाने दोन भाग करावेत हे इथे उत्तम.

मोअरफील्डपासून संग्रहालयापर्यंतचा रस्ता वळणांचा, आणि परत प्रवेशद्वाराकडे उतरताना ब्रेक तापतात. गिअरच्या दांड्याच्या टोकाला टो/हॉल बटण असतं, ते उतार सुरू होण्याआधी दाबा. इंजिन चार हजार फेऱ्यांवर ओरडू लागलं तरी घाबरू नका, वेग तेच धरून ठेवतंय. ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. तीन-चार सेकंद जोरात दाबून वेग दहा मैलांनी उतरवा, मग पूर्ण सोडा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर वाहनतळ बघून अर्धा तास थांबा, चाकांवर पाणी ओतू नका.

कॅन्यन डी शेच्या तोंडाशी असलेल्या चिनलेकडे यूएस १६० ने येताना फोर कॉर्नर्स लागतं. चार राज्यांच्या पाटीवर हातपाय ठेवून फोटो, एवढंच. रांग मोठी असेल तर सरळ पुढे जा. कॅन्यन डी शे मात्र शांतपणे बघण्यासारखं आहे. १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक, पण जमीन नवाहोंची. तळाशी आजही त्यांची शेतं आणि घरं आहेत. १८६४ च्या सुरुवातीला किट कार्सनच्या अमेरिकी फौजेने हे खोरं उद्ध्वस्त केलं, पुढे पीचची झाडंही तोडली, आणि हजारो नवाहोंना न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोपर्यंत पायी नेलं. १८६८ च्या तहानंतर ते परतले. दक्षिण कड्याचा रस्ता तुमच्या गाडीला ठीक आहे, शेवटी स्पायडर रॉक. तळाशी जायचं तर नवाहो मार्गदर्शकाच्या जीपने अर्धा दिवस, आणि मिळाला तर तो अर्धा दिवस काढाच.

सकाळी गनाडोच्या हबेल ट्रेडिंग पोस्टवर थांबा. १८७८ पासूनचं दुकान, लाकडी फळ्यांची जमीन करकरते, मागच्या खोलीत नवाहो घोंगड्यांची चळत. घासाघीस इथे करत नाहीत.

पेट्रिफाइड फॉरेस्टला आय-४० च्या ३११ क्रमांकाच्या फाट्याने उत्तरेकडून शिरा आणि २८ मैल जाऊन दक्षिणेला बाहेर पडा. उद्यान फक्त दिवसा उघडं असतं, आत कॅम्पग्राउंड नाही, संध्याकाळी फाटकं लागतात. दुपारी एकच्या आत पोहोचायचा बेत ठेवा. २० कोटी वर्षांहून जुनी झाडं गाळात गाडली गेली, ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यातून त्यांच्यात शिरली आणि लाकडाच्या जागी स्फटिक तयार झालं. लोखंडाने लाल-पिवळे रंग दिले. एक खडाही उचलणं गुन्हा आहे, मुलीला आधीच सांगून ठेवा. बाहेरच्या दुकानांत खाजगी जमिनीतले तुकडे रीतसर विकत मिळतात. महामार्ग ओलांडताना जुन्या रूट ६६ च्या जागी १९३२ ची गंजलेली स्टुडबेकर मोटार उभी आहे, मागे तारांच्या खांबांची रांग त्या रस्त्याची रेघ दाखवते. हा रस्ता १९२६ ते १९८५ असा जगला. यादीतलं रूट ६६ इथे आणि हॉलब्रूकच्या मुक्कामी होऊन जातं. त्यासाठी ओटमनच्या अरुंद घाटात ही गाडी नेण्याचं कारण नाही.

हॉलब्रूकहून हेबर, पेसन मार्गे फिनिक्स १८० मैल. पेसनच्या अलीकडे मोगोलॉन रिमचा उतार आणि पुढे बीलाइन महामार्गाचे उतार आहेत, पुन्हा टो/हॉल. दहावी रात्र पेसनला काढा, कारण खाली फिनिक्समध्ये ऑक्टोबरातही दुपार तापते आणि सकाळी गाडी परत करण्याआधी टाक्या रिकाम्या करायच्या, पेट्रोल आणि प्रोपेन घेतलं तितकं भरायचं, आतून झाडायचं. परत देताना पेट्रोलचा काटा, जनरेटरचे तास आणि चारही बाजूंचे, छताचेही फोटो काढून ठेवा.